हार काढा, तार पिळा

आधी गळ्यातला हार काढा, मग बोलते. हार घातलेल्याला लोक नमस्कार करतात, त्याचं ऐकत नाहीत.

मी गिटार आहे. विजेवर वाजणारी, सहा तारांची, लाल. लाल रंग आता कडांवरून उडालाय आणि एका कोपऱ्याचा टवका निघालाय, तो कसा निघाला ते पुढं येईल. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसहून तासभर पायी चाललं की एक गाव लागतं. त्या गावच्या बौद्ध वस्तीत दोन खोल्यांचं घर आहे, तिथं मी राहते. कितीतरी महिने त्या घराच्या भिंतीला मी टांगलेली होते. शेजारी मला वाजवणाऱ्या बन्सीधरचा फोटो. फोटोला हार, मलाही हार. येणारा माणूस आधी फोटोकडं बघायचा, मग माझ्याकडं, आणि दोघांपुढं सारखाच मान खाली घालायचा.

पण बन्सी गेला होता आणि मी गेले नव्हते. हा फरक कुणाला दिसेना. म्हणून बोलायला लागले.

माझा जन्म कलकत्त्याचा. एका बोळातल्या कारखान्यात एका म्हाताऱ्या सुताराने जाड फळी कापून मला घडवलं. सतारीला, तंबोऱ्याला पोट असतं, आवाज त्या पोटात घुमतो. माझं अंग भरीव आहे. माझ्या तारांखाली चुंबकाच्या दोन पट्ट्या बसवल्या आहेत. तार हलली की चुंबकाला कळतं, चुंबक वायरला सांगतो आणि वायर कर्ण्याला. वीज काढून घेतली की मी कुजबुजते. पण गप्प बसत नाही. हे ध्यानात ठेवा.

हातोहात फिरत मी परभणीला आले, दत्तरावांकडं. दत्तराव दिवसा कचेरीत कारकून आणि सुट्टीला ऑर्केस्ट्रात गिटारवाले. माणूस वाईट नव्हता. पुसून ठेवायचे मला. पण ऑर्केस्ट्रात बटणांचा विजेचा बाजा आला, त्यातून बासरीचाही आवाज निघायचा आणि गिटारचाही. मग मला पलंगाखाली ढकललं. तिथं गव्हाच्या पोत्याशेजारी मी दोन वर्षं पडून होते. माणसं अशीच करतात. वाजतं तोवर मांडीवर, नाहीतर पलंगाखाली.

बन्सीधर एकदा कर्ण्याची वायर मागायला दत्तरावांकडं आला. त्याची गाणं म्हणणाऱ्यांची पार्टी होती, पाच जणांची. सिताराम पेटी वाजवून गायचा, बन्सी बेंजो वाजवायचा, बाकीचे ढोलकी, झांज आणि कोरस. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन सहा वर्षं झाली होती आणि नाव काही बदललं नव्हतं. त्याचीच गाणी घेऊन ही पार्टी गावोगाव फिरायची. वायर काढायला दत्तराव वाकले तशी माझी मान पलंगाखालून बाहेर आली.

"ही वाजती का?" बन्सीने विचारलं.

"वाजवली तर वाजती."

"मला देता?"

"काय देतूस?"

बन्सीने दाराबाहेर बघितलं. त्याची सायकल उभी होती. त्याने किल्ली काढून दत्तरावांच्या हातात ठेवली. दत्तराव हसले आणि म्हणाले, "वाजवायची कशी ते येत जा रविवारी शिकायला."

"येतो की," बन्सी म्हणाला आणि मला गोधडीत गुंडाळून निघाला. अर्ध्या रस्त्यात त्याला उमगलं की रविवारी परभणीला यायचं म्हणजे सायकल पाहिजे. तो रस्त्यातच उभा राहून एकटाच हसला. मला तेव्हाच तो आवडला.

रविवार काही जमला नाही. म्हणून बन्सी स्वतःच शिकला आणि शिकताना त्याने एक चूक केली. गिटारच्या सहा तारा सहा वेगवेगळ्या सुरांना लावतात, जगभर तशीच रीत आहे. बन्सीला ती कोण सांगणार? त्याने मला बेंजोसारखी लावली. तीन तारा सा, तीन तारा प. एका तारेला सा, दुसरीला प, पुन्हा सा, पुन्हा प. सगळ्या तारा एकदम छेडल्या की कुठंही बोट न लावता मी भरून वाजायची, झांजेसारखी.

आणि सा कुठला घ्यायचा? पेटी सितारामच्या घरी, गावाच्या दुसऱ्या टोकाला. बन्सीने आपली जेवायची पितळी उचलली. जाड काठाची, पितळेची, त्याच्या बापाच्या लग्नातली. भाकरी वाढायच्या आधी तो ती रिकामी पितळी तीन बोटांवर तोलून धरायचा, काठाला टिचकी मारायचा आणि तिच्या आवाजाला माझी चौथी तार जुळवायचा. पितळी बारीक आवाजात बोलायची, तार जाड आवाजात, पण सा तो सा. त्याची माय, धुरपताबाई, भाकरी हातात घेऊन चुलीपुढं थांबून राहायची.

"जेवतूस का वाजवतूस?"

"आधी हिचं पोट भरू दे माय."

हे सगळं बन्सीच्या धाकट्या भावाने, मुंजाजीने, पाहिलं नाही. मुंजा चौथीतून शाळा सोडून जायकवाडीच्या कालव्याच्या कामावर गेलेला होता, पंधरा-पंधरा दिवसांनी रात्रीपुरता घरी यायचा, तोवर सूर लावून झालेला असायचा. आला की दारात बसून भावाचं वाजवणं ऐकायचा. माझ्याकडं हात न्यायचा आणि परत घ्यायचा. त्याचे हात मातीचे, खरबरीत आणि घाईचे. चहा ओतला तरी सांडायचा. भांडणात आधी हात, मग तोंड.

ताडकळसच्या बाजारात मी पहिल्यांदा लोकांपुढं वाजले. वस्तीत विजेचा खांब नव्हता, म्हणून पार्टी मोटारीच्या बॅटरीवर कर्णा चालवायची. भर दुपारी, कांद्याच्या ढिगाशेजारी बैलगाडीवर उभा राहून बन्सीने माझ्या तारांवरून हात फिरवला आणि अख्खा बाजार वळला. चहाच्या टपरीवरून एक जण म्हणाला, "डफडं सोडलं वाटतं. आता ह्यांना गिटार पायजे."

बन्सीने कर्ण्यातूनच उत्तर दिलं. "पायजेच की मालक. तुमच्या पोराला शिकावं वाटलं तर पाठवा. आमच्याकडं येणाराला कपबशी येगळी ठेवत न्हाई."

बाजारात निम्मे हसले, निम्म्यांनी टपरीच्या छपराकडं बघितलं. त्या टपरीच्या छपरात कुणासाठी वेगळे कप खोचलेले असतात ते सगळ्यांना माहीत होतं. बन्सीने मग गाणं धरलं. मी भरीव अंगाची आहे, मला थरथर येत नाही. त्या दिवशी आली.

पुढच्या वर्षी तो नामांतराच्या सत्याग्रहाला गेला. जाताना मला लावून, पुसून भिंतीला टांगलं. मुंजा घरी होता. बन्सी त्याला म्हणाला, "मुंजा, आल्यावर शिकवतो तुला. तवर हिच्या चाव्यांना हात लावू नको. मी सूर लावून ठेवलाय."

चाव्या म्हणजे माझ्या डोक्यावरच्या सहा कानखुंट्या. त्या पिळल्या की तार चढते, सोडल्या की उतरते.

बन्सी तीन आठवडे तुरुंगात होता. परत आला तो डोळे पिवळे घेऊन. कावीळ. झाडपाला झाला, परभणीचा दवाखाना झाला. त्याने माझ्याकडं एकदा बघितलं होतं, खाटेवरून, पण हात वर झाला नाही. चाळिसाव्या दिवशी तो गेला. सव्वीस वर्षांचा होता.

मला त्यावर आणखी बोलायचं नाही. कुणी म्हणालं गावोगावचं पाणी बाधलं, कुणी म्हणालं ह्या लाकडाच्या नादी लागून पोरगं गेलं. मी लाकूड आहे, खरं आहे. मी कुणाला खाल्लेलं नाही.

धुरपताबाईने त्याची पितळी कपड्यात बांधून पत्र्याच्या पेटीत तळाला ठेवली आणि पेटीला कुलूप लावलं. ती कुणाला दाखवली नाही. मुंजाने मला हार घातला आणि सगळ्यांना बजावलं, "चाव्यांना कुणी हात लावायचा न्हाई. दादाचा सूर हाय तिच्यात."

दोघांनी आपापला बन्सी कुलपात ठेवला. एकमेकांना सांगितलं नाही.

दत्तराव भेटायला आले. बराच वेळ फोटोपुढं बसले. मग सवयीने उठून माझ्याजवळ आले, एक तार छेडली, नाक मुरडलं आणि चावीकडं हात नेला. मुंजाने त्यांना असा धक्का दिला की ते रांजणाला अडखळले.

"अरे, सूर उतरलाय तिचा."

"तुमाला काय कळतंय दादाच्या सुरातलं? तुमी तर पलंगाखाली घातली व्हती तिला."

दत्तराव दाराकडं वळले. चप्पल घालून गेले. म्हणणं मात्र त्यांचंच बरोबर होतं. सांगू कशी? उन्हाळ्यात लाकूड सुकतं, पावसाळ्यात फुगतं, तारा ताणून ताणून थकतात. कुणी न पिळता माझा सूर रोज केसभर उतरत होता. बन्सी गेला त्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्याचा सूर माझ्यातून गेला होता. मुंजा ज्याची राखण करत होता ते माझ्यात उरलंच नव्हतं. मी भिंतीवरून सहा ढिल्या तारा घेऊन त्याच्याकडं बघत होते, आणि तो रोज माझा हार बदलत होता.

सात-आठ महिन्यांनी मुंजाने मला खाली घेतलं. कालव्याचं काम संपलं होतं. भर दुपारी तो घरात एकटा होता. हार काढून त्याने फोटोला घातला, म्हणजे फोटोला दोन झाले. मला मांडीवर घेतलं आणि सहाही तारांवर फाडकन हात मारला. मग म्हणाला, "आता शिकव."

नवा माणूस कसा असतो ते मी त्याच्यावरून सांगते. त्याला पहिल्याच दिवशी अख्खं गाणं पाहिजे. पाचही बोटं एकदम पाहिजेत. तार दाबताना तो अंगातलं सगळं बळ लावतो, जणू मी पळून जाणार आहे. मुंजाने माझी मान अशी आवळली की मनगट भरून आलं आणि आवाज निघाला पत्र्यासारखा. त्याला वाटलं, आणखी जोर पाहिजे.

जोर नको, जागा पाहिजे. माझ्या मानेवर आडव्या बारीक पट्ट्या ठोकलेल्या आहेत. बोट पट्टीवर ठेवलं तर तार बसकी बोलते, पट्टीपासून लांब ठेवलं तर खरखरते. पट्टीच्या अगदी मागं, तिला खेटून ठेवलं तर तीळभर जोरात तार स्वच्छ वाजते. मुंजाला हे कळायला नऊ दिवस लागले. चिडून दमला, हात सैल पडला, बोट चुकून योग्य जागी टेकलं आणि मी स्वच्छ बोलले. तो माझ्याकडं बघतच राहिला. मग त्याने तीच एक तार तेवढ्याच जागी संध्याकाळपर्यंत वाजवली. तसंच शिकायचं असतं. एक तार, एक बोट, हळू. दुसरी तार दुसऱ्या दिवशी.

डाव्या हाताच्या बोटांची टोकं सोलली. कुदळीने तळव्याला घट्टे होते, पण बोटांची टोकं कोवळीच होती. त्याने ती मिठाच्या पाण्यात बुडवली आणि पुन्हा बसला. महिन्याभरात टोकांना घट्टे आले. माझ्याकडून माणसाला मिळणारी पहिली वस्तू हीच. ती विकत मिळत नाही आणि कुणाचं बोट कुणाला लावता येत नाही. तार छेडायला त्याने तेलाच्या फुटक्या प्लास्टिकच्या डब्याचा नखाएवढा तुकडा कापला. जाड कापला, तारा ओरबाडल्या. पातळ कापला, जमलं.

वीज नव्हतीच. बॅटरी सितारामकडं. माझी कुजबुज मुंजाला ऐकू येईना. एकदा कंटाळून त्याने माझं डोकं पत्र्याच्या पेटीला टेकवलं आणि तार छेडली, तर पेटीच गुणगुणली. लाकडाचा कंप पत्र्यात गेला आणि पत्र्याने तो मोठा केला. त्या दिवसापासून मुंजा पेटीला माझं डोकं टेकवून बसायचा. ज्याच्या घरात वीज नाही त्याला विजेची गिटार शिकता येत नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला आमची पेटी दाखवा.

त्या पेटीत काय आहे ते मला ठाऊक होतं.

एकदा चौथी तार दुसऱ्या पट्टीमागं दाबून मुंजाने छेडली आणि पेटीच्या आतून कुणीतरी हुंकार दिला. बारीक, लांब. त्याने हात थांबवला. हुंकार थांबला. पुन्हा छेडली, पुन्हा हुंकार. त्याने पेटीला थाप मारली, उंदीर असेल म्हणून. पण ती जागा त्याला आवडली. मग काहीही वाजवत असला तरी फिरून फिरून बोट तिथंच यायचं.

तो हुंकार पितळीचा होता. उतरलेली चौथी तार दुसऱ्या पट्टीमागं दाबली की बन्सीच्या सापर्यंत चढायची, आणि आपला सूर ऐकून पितळी अंधारात थरथरायची. मी ओरडून सांगत होते. पण माझं ओरडणं म्हणजे तारेचंच.

चैत्र आला. चौदा एप्रिलच्या जयंतीला पार्टी ताडकळसला गाणार होती, बन्सी गेल्यानंतर पहिल्यांदाच. मुंजा मला घेऊन सितारामच्या घरी गेला.

"वाजव," सिताराम म्हणाला.

सितारामच्या पेटीने सूर धरला. मुंजाने बन्सीच्या गाण्याची सुरुवात छेडली. बोटं बरोबर होती. आवाज असा आला की ढोलकीवाल्याने ओठ दाताखाली धरला. सितारामने तीनदा सुरू केलं, तीनदा थांबला.

"मुंजा, पीळ तिला. उतरलीय लय."

"दादाचा सूर हाय त्यो."

"मग माझी पेटी खोटी का?"

"असंल."

"लेका, ही पेटी आन् बन्सी दहा वर्सं एका सुरात व्हते." सितारामने भाता बंद केला. तो चिडला नव्हता, दमला होता. "तुला पिळायची न्हाई तर नको पिळू. मंग ह्या जयंतीला बिनगिटारीचं गाऊ. पण हिला घेऊन येऊ नको. बन्सीच्या गाण्याची असली दशा लोकांनी ऐकलेली मला खपणार न्हाई."

मुंजा मला खांद्यावर टाकून निघाला. वाटेत मी त्याला करकरा दात खाताना ऐकलं. घरी आला तो सरळ अंगणात, धुण्याच्या दगडापाशी. मला मानेला धरून दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं. "माझीच बोटं मेली. मलाच येत न्हाई. तुला काय ठिवायचं मग," असं म्हणाला आणि आपटलं. दगडाचा कोपरा लागला. टवका निघाला तो हा. त्याने पुन्हा उचललं.

धुरपताबाई ओट्यावर निवडायला बसली होती. उठली नाही.

"फोड," ती म्हणाली. "तसंबी ती बन्सीवानी बोलत न्हाई आता."

मुंजाचे हात वरच राहिले. "काय म्हन्लीस?"

"त्यो आवाजच न्हाई. कवाच गेला."

"तुला ठाव व्हतं?"

"वरीस झालं की. मला वाटलं, तीबी दुखात हाय. माणसाचा आवाज न्हाई का बसत रडून? बसला आसंल हिचा."

"मंग सांगायचंस की माय."

"काय सांगू? तू हार घालायलास तिला. हात लावूस्तोवर अंगावर येतूस. दत्तरावाला ढकललंस." तिने सूप खाली ठेवलं. "आन् मी सांगितलं आस्तं तर तू म्हन्ला असतास, कशावरून. मंग मला ती काढून दाखवावी लागली असती."

"काय काढून?"

धुरपताबाई आत गेली. कमरेची किल्ली काढली. कुलूप वर्षभर उघडलं नव्हतं, ते लवकर निघेना. मुंजा मला घेऊन दारात उभा. तिने पेटीतून कपडे काढले, बन्सीचा सदरा काढला, खालून गाठोडं काढलं, सोडलं आणि पितळी तीन बोटांवर धरली. अगदी तो धरायचा तशी. काठाला टिचकी मारली.

वर्षभरानंतर तो आवाज मोकळ्या घरात आला.

"ह्याच्यावर जुळवीत व्हता," ती म्हणाली. "रोज. जेवायच्या आधी. रोज उतरती म्हणायचा, रोज पिळावी लागती."

मुंजा मला मांडीवर घेऊन खाली बसला. "मला तर म्हन्ला, चाव्यांना हात लावू नको."

"आल्यावर शिकवतो म्हन्ला व्हता ना? आला न्हाई त्यो. आता तूच लाव हात."

तो रडला. ते मी सांगत नाही. मग नाक पुसून त्याने माझी चौथी चावी धरली. ती गंजून घट्ट झाली होती. तेलाचं बोट लावलं, पीळ दिला. तार कुरकुरत वर चढली. धुरपताबाई टिचकी मारायची, मुंजा तार छेडायचा. दोन सूर वेगळे असले की त्यांच्यामध्ये एक लाट ऐकू येते, वाऽ वाऽ वाऽ अशी. सूर जवळ आले की लाट मंद होते. जुळले की लाटच राहत नाही. नव्या माणसाने गाण्याआधी हे ऐकायला शिकावं. बोटांच्या आधी कान.

मुंजाने घाई केली. पहिल्या तारेची चावी एकदम फिरवली आणि ती सगळ्यात बारीक तार तुटून त्याच्या गालावर बसली. रक्ताची रेघ आली. त्याने मायकडं बघितलं.

"तुटू दे," ती म्हणाली. "बेंजोची हाय तिथं, ती लाव."

सा, प, सा, प. उन्हं उतरेपर्यंत सहाही तारा लागल्या. धुरपताबाईने पितळी जमिनीवर पालथी ठेवली आणि पाणी प्यायला उठली. मुंजाने माझं डोकं सवयीने पेटीला टेकवलं आणि मोकळी चौथी तार छेडली, कुठंही बोट न दाबता. पेटी आतून गप्प होती. जमिनीवरची पितळी मात्र आपोआप बोलली, कुणी टिचकी न मारता. बारीक, लांब.

मुंजाने पेटीकडं बघितलं, पितळीकडं बघितलं. "उंदीर," तो म्हणाला आणि हसायला लागला. धुरपताबाईला कळेना हा कशाला हसतोय.

जयंतीला मी ताडकळसला वाजले. मुंजा दोन ठिकाणी चुकला. एका ठिकाणी घाईने, एका ठिकाणी डोळे भरले म्हणून. त्याच टपरीवर तोच माणूस होता. म्हणाला, "थोरला चांगला वाजवायचा." मुंजाने गाणं संपवलं आणि कर्ण्यातून म्हणाला, "खरं हाय मालक. मी शिकायलोय. तुमी बाकी कप तिथंच ठिवलाय अजून."

दुसऱ्या दिवशी तो परभणीला दत्तरावांकडं गेला, धक्क्याबद्दल पाया पडला आणि म्हणाला, "मास्तर, जगाची रीत शिकवा." रविवारी जायला त्यांनी बन्सीची सायकल परत दिली. आता मुंजाला सहा तारांचे सहा सूरही येतात. त्यात नवी गाणी बसवतो. पण दादाची गाणी वाजवताना तीन तारा सा, तीन तारा प. दत्तराव म्हणाले, ही पद्धत चुकीची आहे. मुंजा म्हणाला, "आसंल. पण आमची हाय."

आज ठरावाला दहा वर्षं झाली. विद्यापीठाचं नाव अजून तेच आहे. बन्सी गेला, कितीतरी गेले. आता घ्या दमाने असं सांगणारे वाढलेत. मला विचाराल तर मी एवढंच सांगेन की मी रोज उतरते. काल लावली म्हणून आज लागलेली नसते. रोज पितळी काढावी लागते, रोज कान लावावा लागतो, रोज पिळावं लागतं. ज्याला ह्याचा कंटाळा आला त्याने खुशाल हार घालावा.

तुमच्या घरात, शेजारात, कुणाच्या भिंतीवर गेलेल्या माणसाचं वाद्य टांगलेलं असेल तर तेवढं खाली घ्या. धूळ पुसा. चाव्यांना हात लावा. तार तुटेल, गाल कापेल, बोटं सोलतील, शेजारी हसतील. हसू द्या. वीज नसली तर पत्र्याची पेटी शोधा. शिकवायला कुणी नसेल तर चुकीचं शिका, पण वाजवा. आम्हाला राखण नको, हात पाहिजे.

आता बोलणं आवरते. दुपार झालीय. मुंजा शेतावरून आलाय, पितळी त्याच्या तीन बोटांवर आहे. चुलीपुढं धुरपताबाई भाकरी हातात घेऊन थांबलीय.

"जेवतूस का वाजवतूस?"

मुंजाने टिचकी मारली. "थांब माय," तो म्हणाला, "उतरलीय जराशी."